दगडाचं वय गुडघ्यावरून सांगणारी बाई

जरा उभे राहा. दोन्ही हात सरळ खाली सोडा, मुठी वळा, अंगठे पुढे, बोटं मांड्यांकडे. आता मान खाली घालून मनगट बघा. निळ्या शिरा दिसतात ती बाजू मांडीकडे वळलेली असेल. मूठ जराही न हलवता कोपरापासून मनगटापर्यंतचा तेवढाच भाग समोर वळवून दाखवा बरं. नाही जमत. हाडं तशी जोडलेलीच नाहीत.

इ.स.पू. ६०० च्या आसपास ग्रीक शिल्पकारांना मात्र हे बिनदिक्कत जमत होतं, संगमरवरात. मूठ मांडीकडे आणि हात समोर. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत ही चूक हळूहळू दुरुस्त होत गेली. ती कधी आणि कशी दुरुस्त झाली, हे पुतळ्यामागून पुतळा तपासत एका बाईने टिपून ठेवलं आणि त्यावरून तारीख नसलेल्या दगडांना तारखा दिल्या. त्यांचं नाव गिझेला रिक्टर. प्राचीन शिल्पांचा अभ्यास करणारी माणसं आयुष्यभर नेमकं काय करतात, हे समजून घ्यायला त्यांच्यासारखं उदाहरण नाही, कारण त्यांचं यश आणि त्यांची फजिती एकाच संग्रहालयात घडली.

आधी अडचण समजून घेऊ. ग्रीसमध्ये इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पाचव्याच्या सुरुवातीपर्यंत नग्न तरुणांचे उभे पुतळे घडवले जात. काही थडग्यावर उभे राहत, काही देवाला वाहिलेले असत. त्यांना कूरॉस म्हणतात, म्हणजे तरुण मुलगा. सगळ्यांची ठेवण एकच: डावा पाय पुढे, हात अंगाला लागून, नजर नाकासमोर. ही ठेवण इजिप्तकडून उचललेली, हे पाहताक्षणी कळतं. पण बहुतेकांवर ना नाव, ना साल. संगमरवराचं वय कार्बन पद्धतीने काढता येत नाही. ती पद्धत लाकूड, हाड, कोळसा अशा कधी काळी जिवंत असलेल्या वस्तूंना लागू पडते. आणि समजा दगडाचं वय काढता आलंच, तरी ते डोंगराचं वय निघेल. शिल्पकाराची छिन्नी कधी चालली, हे त्यातून कळायचं नाही.

मग उरते नजर. पण ‘मला वाटतं हा जुना आहे’ एवढ्यावर विद्या उभी राहत नाही.

रिक्टरबाई १८८२ मध्ये लंडनला जन्मल्या. वडील ज्याँ पॉल रिक्टर कला-इतिहासकार; लिओनार्दो दा विंचीचं लेखन संपादित करून छापणारे. आईही कलेवर लिहिणारी. लहानपण फ्लॉरेन्स आणि रोममध्ये गेलं. रोमच्या विद्यापीठात इमानुएल लोवी ग्रीक शिल्पांवर व्याख्यानं देत. ती ऐकून शाळकरी वयातच या मुलीने ठरवलं की आपण पुरातत्त्वच शिकायचं. पुढे केंब्रिजचं गर्टन कॉलेज, १९०१ ते १९०४. अभ्यास पुरा झाला, पदवी मिळाली नाही, कारण केंब्रिज तेव्हा बायकांना पदवी देतच नसे. ते दार १९४८ मध्ये उघडलं. 

केंब्रिजनंतर एक वर्ष अथेन्सच्या ब्रिटिश स्कूलमध्ये. या ‘स्कूल’ शब्दाने फसू नका. अथेन्स आणि रोममध्ये ब्रिटिश, फ्रेंच, जर्मन, अमेरिकी अशा वेगवेगळ्या देशांच्या संशोधन संस्था आहेत. तिथे राहून उत्खननं करायची, संग्रहालयं पालथी घालायची, ग्रंथालयात बसायचं. आजही या विषयातल्या माणसाच्या आयुष्यात अशा एखाद्या संस्थेतलं वर्ष-दोन वर्षं बहुधा असतातच. जर्मनीत तर डॉक्टरेटनंतर निवडक तरुणांना वर्षभर भूमध्य समुद्राभोवती भटकायला शिष्यवृत्ती देण्याची एकोणिसाव्या शतकापासूनची प्रथा. वर्षभर नुसतं बघत हिंडायचे पैसे! आपल्याकडे कोणी मागितले तर काय उत्तर मिळेल याची कल्पना करा. पण या विषयाचं भांडवलच ते आहे. डोक्यात पाच-सहाशे पुतळे साठले की सहाशेएकावा कुठे बसतो ते कळतं.

अथेन्समध्ये त्यांची गाठ हॅरिएट बॉइड या अमेरिकी संशोधक बाईंशी पडली. क्रीट बेटावर गुर्निया हे गाव खणून काढणाऱ्या त्या याच. त्यांच्या आग्रहावरून रिक्टर १९०५ मध्ये अमेरिकेला गेल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ग्रीक भांड्यांचा एक नवा संग्रह घेतला होता. त्याची सूची करण्याचं तात्पुरतं काम मिळालं. ते तात्पुरतं काम ४३ वर्षं चाललं. १९२५ मध्ये त्या ग्रीक-रोमन विभागाच्या क्युरेटर झाल्या आणि १९४८ पर्यंत राहिल्या.

इथे एक फाटा लक्षात घ्यायला हवा. प्राचीन शिल्पांच्या अभ्यासकासमोर दोन वाटा असतात, विद्यापीठ आणि संग्रहालय. विद्यापीठातला माणूस वस्तूबद्दल चुकला तर पुढच्या आवृत्तीत तळटीप बदलतो. संग्रहालयातल्या माणसाने मत दिलं की चेक फाटतो. रिक्टरबाईंचं आयुष्य या दुसऱ्या वाटेवर गेलं.

१९३२ मध्ये मेट्रोपॉलिटनने एक कूरॉस विकत घेतला. उंची साधारण १९५ सेंटिमीटर, नॅक्सॉस बेटाचा संगमरवर. आजही तो तिथे उभा आहे. जवळ गेलात तर आधी कान बघा. तो कान कमी आणि दगडी खांबाच्या डोक्यावरची गुंडाळी जास्त वाटतो. सपाट, एका पातळीत कोरलेला. केस म्हणजे ओळीने ओवलेले मणी, वर कपाळाला पट्टी. गळ्यात पट्टा आहे आणि बाकी अंगावर सूत नाही. मागे जाऊन पाठ बघा: खांद्याची हाडं पाठीवर नुसत्या रेघा ओढून दाखवलीत. गुडघा एखाद्या नक्षीसारखा. दगडाच्या चौकोनी ठोकळ्याच्या चार बाजूंवर चार चित्रं काढून ती आत आत कोरत नेली, हे अजून जाणवतं.

हा पुतळा कधीचा? बाईंनी आणि त्यांच्या बहिणीने, इर्मा रिक्टर या चित्रकार होत्या, उपलब्ध सगळे कूरॉस एकमेकांशेजारी मांडायला घेतले. प्रत्यक्ष पुतळे नाही, फोटो आणि मोजमापं. मग अवयवानुसार तपासणी. कान कसा, डोळ्याचा कोपरा कसा, पोटावर बेंबीच्या वर किती आडव्या खाचा, गुडघ्याची वाटी कशी, पायाची करंगळी जमिनीवर सरळ टेकलीय की आत झुकलीय. यातून १९४२ मध्ये जे पुस्तक निघालं, त्यात कूरॉसचे सहा गट पाडले होते, जुन्यापासून नव्यापर्यंत. न्यूयॉर्कचा कूरॉस सुरुवातीकडे बसला. आज त्याच्या पाटीवर इ.स.पू. ५९०–५८० असं लिहितात.

हे पटत नसेल तर घरातली जुन्या फोटोंची पेटी आठवा. मागे साल लिहिलेलं नसतं. तरी आत्या लावतेच ना ओळ: ही नऊवारी, म्हणजे आजीचं तरुणपण, हा कुत्र्याच्या कानासारखा मोठा कॉलर आणि बेलबॉटम, म्हणजे काका कॉलेजात असतानाचा, ही पफ बाह्यांची पोलकी त्याच्या नंतरची. आधी काय, नंतर काय, एवढं तरी नक्की कळतं. याला सापेक्ष क्रम म्हणायचं. पण साल कळायला एखाद्या फोटोमागे ‘वैशाख, शके अमुक’ असं लिहिलेलं सापडावं लागतं. तसा एक फोटो सापडला की शेजारचे चार आपोआप जागेवर येतात.

ग्रीक शिल्पांत अशा खुंट्या फार थोड्या आहेत. डेल्फी या तीर्थक्षेत्री सिफ्नॉस बेटाच्या लोकांनी बांधलेलं खजिनाघर ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या हकीकतीवरून इ.स.पू. ५२५ च्या आसपास येतं. त्यावरची शिल्पं ही एक खुंटी. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी फौजांनी अथेन्सचा अक्रोपोलिस, म्हणजे देवळांची टेकडी, जाळला. तिथल्या भग्न पुतळ्यांचा मोठा भाग त्याच्या आधीचा, ही दुसरी. त्याच टेकडीवरच्या पार्थेनॉन या देवळाच्या बांधकामाचा हिशेब दगडावर कोरलेला आहे, इ.स.पू. ४४७ ते ४३२, ही तिसरी आणि सगळ्यात भक्कम. या खुंट्यांमध्ये दोरी ताणून बाकीचे कपडे वाळत घालायचे, असं एकूण काम आहे.

आता दोरी सरळच असेल कशावरून? हा आक्षेप पुढच्या पिढीने जोरात घेतला आणि मला तो बिनतोड वाटतो. बाईंचा हिशेब असा होता की शिल्पकला दरवर्षी थोडी थोडी खऱ्या शरीराच्या जवळ जाते. पण नॅक्सॉसचा म्हातारा कारागीर अथेन्सच्या तरुणापेक्षा वीस वर्षं जुन्या पद्धतीने कोरत असेल तर? फोटोंच्या पेटीतही गावाकडची मावशी शहरातली फॅशन संपल्यावरच ती सुरू करते. ब्रुनिल्डे रिजवे यांच्यासारख्या अभ्यासकांनी प्रांत, कारखाने आणि हेतू यांचा विचार पुढे आणला. सहा गट अजून वापरात आहेत, त्यांच्या भोवतीची खात्री मात्र कमी झाली. आणखी एक बोच आहे. न्यूयॉर्कचा कूरॉस अटिकातून, म्हणजे अथेन्सभोवतीच्या प्रदेशातून आला ‘असं म्हणतात’. नेमका कुठल्या थडग्यावरून, शेजारी काय होतं, हे गेलं ते गेलं. उत्खननात मिळाला असता तर गुडघे मोजायची वेळ कदाचित आलीच नसती. त्या काळी संग्रहालयं असे प्रश्न फारसे विचारत नसत. चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार व्हायला १९७० उजाडलं.

आता फजिती.

याच संग्रहालयाने रोममधल्या आपल्या खरेदीदारामार्फत १९१५ ते १९२१ या काळात भाजलेल्या मातीची तीन प्रचंड शिल्पं घेतली होती: एक काटकुळा योद्धा, एक अवाढव्य डोकं आणि एक अडीच मीटरच्या आसपास उंचीचा चाल करून येणारा योद्धा. ती एट्रुस्कन, म्हणजे रोमच्या आधी मध्य इटलीत नांदलेल्या लोकांची, असा समज. १९३३ मध्ये ती मांडली गेली, लोकांची रीघ लागली. १९३७ मध्ये रिक्टरबाईंनी त्यांच्यावर पुस्तिका लिहिली. इटलीत काही जाणकार कुजबुजत होते, पण न्यूयॉर्कपर्यंत त्याचा उपयोग झाला नाही.

१९६० च्या सुमारास संग्रहालयातच काम करणाऱ्या जोसेफ नोबल यांनी शिल्पांवरच्या काळ्या रंगाची तपासणी करवली. त्यात मँगनीज निघालं. ग्रीक आणि एट्रुस्कन भांड्यांवरची काळी चकाकी वेगळ्याच रीतीने येते: लोहयुक्त बारीक मातीचा लेप, आणि भट्टीत हवा आधी आत सोडायची, मग कोंडायची, मग पुन्हा सोडायची. हवा कोंडली की सगळंच काळं पडतं, परत सोडली की मडकं लाल होतं आणि लेप काळाच राहतो. मँगनीज हा नंतरच्या कुंभाराचा सोपा मार्ग. ५ जानेवारी १९६१ रोजी आल्फ्रेदो फिओरावांती नावाचा माणूस रोमच्या अमेरिकी वकिलातीत गेला आणि कबुली लिहून दिली: ऑर्विएतोच्या रिकार्दी मंडळींबरोबर हे आम्ही केलं. भट्टी लहान होती म्हणून शिल्पाचे आधीच तुकडे केले आणि मग भाजले. एका योद्ध्याचा अंगठा त्याने आठवण म्हणून इतकी वर्षं जवळ ठेवला होता. संग्रहालयाचे डिट्रिख फॉन बोथमर त्या हाताचा साचा घेऊन रोमला गेले. अंगठा बरोब्बर बसला.

यातली खरी टोचणी वेगळीच आहे. रिक्टरबाई मातीबद्दल अडाणी नव्हत्या. उलट, भांडी समजायची तर हात मळायला हवेत म्हणून त्या न्यूयॉर्कमध्ये कुंभारकाम शिकल्या होत्या आणि १९२३ मध्ये अथेन्सच्या कुंभारांच्या तंत्रावर पुस्तकही लिहिलं होतं. तरी फसल्या. माझा अंदाज असा, की कूरॉसपुढे उभ्या राहिल्या तेव्हा शेजारी मांडायला डझनावारी कूरॉस होते. त्या योद्ध्यांएवढी मातीची एट्रुस्कन शिल्पंच कोणी पाहिली नव्हती. शेजारी काही ठेवायला नसलं की तयार नजरही चाचपडते.

अवयव तपासण्याची त्यांची रीत मात्र पुढे त्यांच्या पश्चातही उपयोगी पडली. १९८५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या गेटी संग्रहालयाने एक कूरॉस घेतला. केस जुन्या धर्तीचे, पाय बऱ्याच नंतरच्या धर्तीचे. एकाच माणसाच्या डोक्यात आणि पायात काही दशकांचं अंतर! कागदपत्रंही तपासली गेली: १९५२ चं म्हणून दिलेल्या पत्रावर १९७२ मध्ये सुरू झालेला पोस्टाचा क्रमांक. भूवैज्ञानिकांनी दगडाचा पृष्ठभाग तपासून आधी तो जुना ठरवला, मग तेही डळमळलं. शेवटी पाटीवर लिहिलं, ‘ग्रीक, सुमारे इ.स.पू. ५३०, किंवा आधुनिक नक्कल’. पुढे पुतळा दालनातून काढून घेतला. कूरॉसचे गट छापून निघाले म्हणजे ते नकलाकारालाही वाचायला मिळतात. याने बहुतेक दोन प्रकरणं वाचून एकत्र केली असावीत.

कूरॉस तरी मूळ पुतळे आहेत. नंतरच्या काळातल्या प्रसिद्ध शिल्पकारांची, फिडियस, पॉलिक्लेटस यांची बहुतेक कामं ब्राँझची होती आणि ती वितळवली गेली. उरल्या त्या रोमन काळातल्या संगमरवरी नकला. मग मूळ कसं होतं? याचं उत्तर मराठी वाचकाला चटकन कळेल, कारण आपण ते ग्रंथांबाबत करत आलोय. एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांतून चिकित्सक आवृत्ती काढली. १९१९ ला आरंभ, १९६६ ला समाप्ती. कुठल्या पोथीत कुठली चूक आहे, ती कोणाकडून कोणाकडे गेली, हे लावत मागे जायचं. जर्मन विद्वानांनी हीच रीत पुतळ्यांना लावली. आणि महाभारत प्रकल्पाला शिस्त लावणारे विष्णू सुकथनकर स्वतः बर्लिनला शिकलेले, हा योगायोग म्हणण्यापेक्षा एकाच विद्येच्या दोन फांद्या म्हणावं. आडॉल्फ फुर्टव्हेंग्लर यांनी १८९० च्या दशकात ड्रेस्डेनमधलं एक धड आणि बोलोन्यातलं एक डोकं जोडून फिडियसची हरवलेली अथेना देवीची मूर्ती परत मिळवल्याचं जाहीर केलं. अजून त्यावर वाद चालू आहे.

यासाठी अभ्यासकाला ग्रीक, लॅटिन तर लागतेच, शिवाय जर्मन, इटालियन, फ्रेंच वाचता यावी लागते. आज त्यात रंगाचीही भर पडली. पांढरेशुभ्र वाटणारे हे पुतळे रंगवलेले होते, आणि रंगाचे कण अतिनील प्रकाशात शोधणं हे आता नेहमीचं काम झालंय. रिक्टरबाईंनी १९४४ मध्येच ग्रीक शिल्पांच्या रंगांवर लिहिलं होतं.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर कोल्हापूरला टाउन हॉल म्युझियममध्ये जा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर मिळालेली पोसायडन या समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती तिथे आहे. १९४५-४६ मध्ये त्या टेकाडावर सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. ती मूर्ती भूमध्यसागराकाठून आली, हे ठरतं ते तिकडच्या तसल्याच मूर्ती शेजारी मांडून. उलट दिशेने, पॉम्पेईत १९३८ मध्ये हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. तिचे जवळचे नातलग शोधताना अभ्यासक येऊन पोचले ते आपल्या तेर आणि भोकरदनला.

निवृत्तीनंतर रिक्टरबाई १९५२ मध्ये रोमला राहायला गेल्या आणि लिहीतच राहिल्या. कूरॉसच्या जोडीला मुलींचे वस्त्र नेसलेले पुतळे असतात, त्यांना कोरे म्हणतात. त्यांच्यावरचं पुस्तक १९६८ मध्ये आलं, तेव्हा बाई ८५ च्या पुढे होत्या. १९७० मध्ये कूरॉसच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाली, तोवरची सगळी भर घालून.

१९७२ च्या मे महिन्यात अथेन्सजवळ मेरेंडा इथे एका खड्ड्यात दोन पुतळे शेजारी शेजारी निजवलेले सापडले, एक कूरॉस आणि एक कोरे. कोरेच्या लाल वस्त्रावरची नक्षी अजून दिसत होती. जवळच्या चर्चच्या भिंतीत बसवलेला एक कोरीव बैठकीचा दगड जाणकारांना अठराव्या शतकापासून माहीत होता. त्यावर लिहिलंय की ही फ्रासिक्लेयाची खूण, लग्नाऐवजी देवांनी मला हे नाव दिलं, मी कायम कुमारीच म्हणवली जाईन. पॅरोसच्या अरिस्टियॉनने घडवलं, असंही त्यावर आहे. पुतळ्याच्या पायाखालचं शिसं त्या बैठकीच्या खोबणीत बसलं. नाव, शिल्पकार, जागा, रंग, सगळं एकदम. रिक्टरबाई त्याच वर्षी २४ डिसेंबरला रोममध्ये वारल्या. फ्रासिक्लेया त्यांच्या दोन्ही पुस्तकांत नाही.